शेवंतीची करवंटी

समुद्र होड्यांना अजून नावाने हाक मारायचा, त्या काळातली ही गोष्ट. लाडकू तांडेल आणि त्याची बायको हौसा शेवंती नावाच्या शिडाच्या होडीतून बेटं बघत हिंडायचे. होडीत गोड्या पाण्याचं एकच पिंप होतं आणि त्यावर एक करवंटी. तहान लागली की एक करवंटी पाणी प्यायचं, असा नेम होता. तेवढ्यावर दहा दिवस निघायचे.

एकदा शेवंती म्हणाली, "तांडेल, आणखी तीन पिंपं घ्या. चाळीस दिवस बंदराचं तोंड बघायला नको."

"पिंपं वाढली की हात सैल होतो, बाई," करवंटी म्हणाली.

"तू मूठभर. तुला काय कळतंय?"

पिंपं आली. शेवंती जड होऊन पाण्यात खोल बसली. वारा शिडात शिरायचा, दमायचा आणि तिथेच पेंगायचा. हौसा तांब्याने पाणी घेऊ लागली. लाडकू खारट पाय गोड्या पाण्याने धुऊ लागला.

बाराव्या दिवशी तीन पिंपं कोरडी होती, चौथ्याचा तळ दिसत होता आणि बंदर सहा दिवस लांब होतं. हौसाने अडगळीतली करवंटी काढली आणि पदराने पुसली. मग दिवसाला माणशी एकच करवंटी पाणी, असा नेम धरला.

बंदर लागलं तेव्हा पिंपात एक करवंटी पाणी उरलं होतं.

"शेवंते, चारही भरू ना?" लाडकूने विचारलं.

शेवंती लाटांवर हलकेच डुलली. मग म्हणाली, "एकच भरा. आणि करवंटी डोलकाठीला बांधा, मला दिसेल अशी."