झऱ्यातला गाळ

“…आणि झरा देवाचा आहे, एवढंच म्हणायचं. म्हणाल ना, बाबा?”

भीमगीर बाबा मठाच्या पायरीवर बसून पायाला एरंडेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोपान ढेबे थांबला. घरोघर फिरून, बोलून बोलून त्याचा घसा बसला होता. दुपारी शाळेत ग्रामसभा होती.

डोंगराच्या अंगावर शहरातल्या एका बिल्डरनं बंगल्यांची वसाहत काढली होती. तिला आंबेमाळ गावचा झरा हवा होता. गावानं ना-हरकतीचा ठराव द्यायचा, बदल्यात बिल्डर दारोदार नळ देणार, असा तोंडी व्यवहार ठरत आला होता. सोपाननं या माणसाशी वर्षानुवर्षं झुंज घेतली होती. मोर्चे झाले, उपोषण झालं, कोर्टात खेटे घालून चपला झिजल्या. त्याची खाचरं पडीक राहिली, पोटाचं दुखणं कायमचं मागं लागलं. आणि आता गावच हात वर करायला निघालं होतं.

“देवाचा म्हटलं की काय होईल?” बाबांनी विचारलं.

“लोक भितील. ठराव पडेल.”

“देवाचं झालं की माणूस नमस्कार करतो, सोपान. आणि लांब होतो.”

“मग तुम्हीच सांगा काय करू! लहानपणापासून या पायरीवर बसलोय, कधी काही मागितलं का? दमलो मी, बाबा. ज्यांच्यासाठी केलं, त्यांनाच नकोसं झालंय. काल तुळसाकाकी तोंडावर म्हणाली, तुझा झरा तुझ्यापाशी ठेव, मला दारात नळ हवा.”

“खोटं बोलली ती?”

सोपाननं मठाशेजारच्या झऱ्याकडं पाहिलं. काकीचे गुडघे गेले होते. झऱ्याची धार करंगळीएवढी उरली होती. एक हंडा भरेपर्यंत उन्हं अंगावर यायची.

“बिल्डरनं वर बोअर मारले, म्हणून आटलाय,” तो म्हणाला.

“तेही असेल. गाळ कधी काढला होता?”

“कोर्टाचा ‘जैसे थे’चा हुकूम आहे. मीच सगळ्यांना बजावलं होतं, कुणी हात लावायचा नाही. नाहीतर तो म्हणेल, गावानंच मोडतोड केली.”

“हं… हुकूम झऱ्याला कळवलास?”

सोपानच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तो काही बोलणार, तोच बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यातलं घमेलं आणि खोरं उचलून, काठावर तोल सावरत ते झऱ्याच्या कुंडात उतरले.

“बाबा, ही वेळ आहे का? सभा…”

खोऱ्याचा आवाज आला. चिखल घमेल्यात पडला.

सोपान काठावर उभा राहिला. दुसरं घमेलं उचलताना बाबांचा पाय सरकला आणि म्हातारा मटकन चिखलात बसला. मग मात्र सोपाननं चपला काढल्या.

पाणी पोटरीला लागलं तसा तो दचकला. एवढं थंड असतं हे, तो विसरून गेला होता. उपोषणाच्या मांडवात सगळे जारचं पाणी प्याले होते. भाषणं मात्र याच झऱ्याबद्दल झाली होती.

बाबांना उठवून त्यानं खोरं आपल्या हातात घेतलं.

थोड्या वेळानं तुळसाकाकी हंडा घेऊन आली.

“गढूळ केलंत की रे मेल्यांनो! सभेआधी भरून ठेवावं म्हणलं, तर हे. आता काय भरू, राड?”

“बस जरा,” बाबा म्हणाले. “निवळेल.”

ती पदरानं तोंड पुसत दगडावर बसली. घमेलं काठावर देताना बाबांच्या हातून गाळ सांडत होता. काकीनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. शेवटी तिनं हंडा बाजूला सारला.

“आण इकडं. सांडून ठेवशील सगळं.”

मग पाण्याला आलेल्या आणखी बाया थांबल्या. कुणी सुनेला हाक मारली, कुणी नवऱ्याला. काठापासून खालच्या बांधापर्यंत माणसांची रांग लागली, घमेली हातोहात पुढं जाऊ लागली. घोषणा कुणीच दिली नाही. कुणी कंबर धरून कण्हलं, कुणी बिल्डरला शिवी घातली, कुणी सोपानलाही घातली. गाळाखालून झऱ्याचं दगडी तोंड दिसू लागलं. धार अंगठ्याएवढी झाली… फार नाही, अंगठ्याएवढी.

उन्हं कलली तेव्हा ग्रामसेवक घाम पुसत आला.

“अहो, शाळेत सरपंचांशिवाय कुणी नाही! गणपूर्तीएवढी माणसं होईनात. येताय ना?”

“दिसतंय ना, मोकळं कोण आहे ते?” तुळसाकाकी म्हणाली.

त्यानं हातातली नोंदवही मिटली.

“मग सभा तहकूब करतो. पण ध्यानात ठेवा, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. चारजण आले तरी ठराव होतो.”

तो गेला. तुळसाकाकीनं मागून हळूच विचारलं, “पण नळ देणार होते ते खरंच ना रे?” तेवढ्यात तिच्या हातात पुढचं घमेलं आलं.

सोपाननं पाठ सरळ केली. आनंद व्हायला हवा होता. आला तो नुसता थकवा. भरलेलं घमेलं छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.

“बाबा, आज टळलं. पुढच्या सभेला काय? तेव्हा ही माणसं कुणाकडं असतील?”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्यामागच्या रांगेकडं…

“घमेलं पुढं दे, सोपान. माणसं खोळंबलीत.”