थोरल्या जावयाची एसएसडी

एका गावात श्रीपती नावाचा एक भोळा माणूस होता. तो दुसऱ्या एका गावाचा थोरला जावईही होता, म्हणजे एकटा दोन गावांना पुरत होता. आळशी नव्हता, हट्टी नव्हता. सांगाल ते मनापासून करायचा. पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको मंजुळा मात्र हुशार. घरी बसून लॅपटॉपवर लग्नपत्रिका करायची. पंचक्रोशीत तिच्या पत्रिकेशिवाय लग्न लागत नसे. आता तिच्या धाकट्या बहिणीचं, कावेरीचंच लग्न ठरलं होतं. पण लॅपटॉप म्हातारा झाला होता. सकाळी सुरू केला तर भाजी चिरून फोडणीला पडली तरी उघडत नसे.

"अहो, तालुक्याला इक्बालभाईंच्या दुकानात जा," मंजुळा म्हणाली. "नवी एसएसडी आणा. लॅपटॉपमध्ये सगळं साठवून ठेवते ना, ती डिस्क. बसवायची मी बघते. आणि हे बघा, कावेरीच्या लग्नात काही घोळ घालू नका. माहेरी माझं हसं झालं तर मी तोंड कुठे लपवू?"

"नाही घालणार," श्रीपती म्हणाला. आणि बिचारा खरंच म्हणाला.

इक्बालभाईंनी चिक्कीच्या वडीएवढी डिस्क कागदात गुंडाळून दिली. म्हणाले, "वहिनींना सांगा, जुनी लगेच काढायची नाही. आधी जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घ्यायचं. कणभरही मागे राहता कामा नये."

"असं होय!" श्रीपती म्हणाला. "आता नाही चुकायचो."

घरी आला तर मंजुळाने नवा माठ आणून ठेवलेला. जुन्याला आतून शेवाळ धरलं होतं. "तेवढा नवा माठ भरून ठेवा," असं सांगून ती शेजारी गेली.

श्रीपतीने जुन्या माठातलं पाणी नव्यात ओतलं. मग शेवाळ खरवडून घातलं. तळाला एक झुरळ निपचित पडलं होतं, तेही अलगद उतरवलं. कणभरही मागे ठेवलं नाही.

मंजुळा आली, तांब्या बुडवला आणि किंचाळली. "अहो, हे काय केलंत? नवी वस्तू आणली की आधी स्वच्छ धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि मग वापरायची!"

"असं होय! आता नाही चुकायचो."

आणि घरात नवी वस्तू आणखी कोणती होती? श्रीपतीने डिस्क घेतली. साबण लावून नारळाच्या शेंडीने घासली, दोन पाण्यांतून काढली आणि गच्चीवर वाळत घातली. मंजुळा कुरडया उलटायला गेली तेव्हा एक कुरडई काही केल्या उलटेना. पाहते तर एसएसडी!

ती रडकुंडीला आली. डिस्क पदरात बांधून तिने तालुका गाठला, श्रीपती मागोमाग. इक्बालभाईंनी ती पुसली, तपासली, पुन्हा तपासली. देवाची कृपा म्हणा नाहीतर उन्हाची, डिस्क जिवंत निघाली. (हे कोणी घरी करून बघू नये. प्रत्येकाची डिस्क इतकी सोशिक नसते.)

"श्रीपतीभाऊ, नव्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही," इक्बालभाई हात जोडून म्हणाले. "एक थेंब, की जीव गेलाच म्हणून समजा."

"असं होय! आता नाही चुकायचो."

मंजुळाने जुन्यातलं सगळं नव्यात उतरवलं, डिस्क बसवली, आणि लॅपटॉप असा उघडला की ती स्वतःच दचकली. पत्रिका झरझर होऊ लागली. आता मजकूर बघायला नवरदेवाकडची मंडळी येणार होती. पत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावर सोयरिकी मोडतात, म्हणून व्याही, विहीणबाई आणि नवरदेवाचे काका जातीने आले. ऐन वैशाखातली दुपार. मंजुळा शेजारून खुर्च्या आणायला गेली होती.

"जरा पाणी मिळेल का?" काकांनी घाम पुसत विचारलं.

"छे छे!" श्रीपती म्हणाला. "तुम्ही नवीन ना?"

"हो, नवीनच सोयरे."

"मग थेंबही नाही. जीव जाईल तुमचा."

काका आवंढा गिळून बसले. विहीणबाईंचा हात माठाकडे गेला, तर श्रीपती माठावर पालथा पडला. "मावशी, मी असेपर्यंत तुम्हाला काही होऊ देणार नाही!"

मंजुळा आली तेव्हा तिघांची तोंडं कोरडी आणि लाल झाली होती. तिने माफी मागितली, पाणी दिलं, सरबत दिलं, पुरणपोळीवर तुपाची धार सोडून कशीबशी सोयरीक सावरली. मंडळी गेल्यावर ती श्रीपतीला म्हणाली, "अहो, आपल्या घरात आलेल्याला असं वागवतात? आग्रह करायचा! पानात जागा दिसली की वाढायचं. नको म्हटलं तरी वाढायचं. रिकामी जागा ठेवली तर यजमानाची अब्रू जाते."

"असं होय! आता नाही चुकायचो."

दुसऱ्या दिवशी मंजुळा नळावर गेली. श्रीपतीने लॅपटॉप उघडला. डिस्कमध्ये भली मोठी रिकामी जागा! त्याला लाजच वाटली. चारचौघांत अब्रू जायची! त्याने गावभर फिरून ज्याच्या त्याच्या मोबाइलमधलं गोळा केलं. गाणी आली, सिनेमे आले, म्हशी विकायचे व्हिडिओ आले. सरपंचांचा सत्काराचा फोटो तर आठ जणांकडून आठ वेळा आला. लॅपटॉप म्हणाला, जागा संपली. श्रीपती म्हणाला, "घ्या हो, लाजू नका," आणि आणखी एक कीर्तन वाढलं.

लॅपटॉप आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला जायची होती आणि ती उघडेचना. मंजुळाने घाबऱ्या घाबऱ्या इक्बालभाईंना फोन लावला. श्रीपतीने शेजारी उभं राहून कान टवकारले.

"वहिनी, चौथा हिस्सा कायम रिकामा ठेवा, तरच काम पळतं," फोनमधून आवाज आला. "एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या की आधीची ठेवा, दुसरी काढा. आणि काढलेली तिथंच पडून राहते, जागा अडवते. कायमची बाहेर घालवा."

मंजुळाने तसं केलं. लॅपटॉप पुन्हा पळू लागला आणि पत्रिका वेळेवर छापून आली.

"असं होय!" श्रीपती मागून हळूच म्हणाला. "आता नाही चुकायचो."

मंजुळाने ते ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

लग्नाचा दिवस उजाडला. थोरल्या जावयाला मान तर द्यायलाच हवा. सासऱ्यांनी पुष्कळ विचार करून त्यातल्या त्यात अगदी बिनधोक काम शोधलं. "जावईबापू, तुम्ही नुसते मांडवाच्या दारात उभे राहा. आलेल्यांचं नाव-गाव विचारा, गुलाबपाणी शिंपडा आणि आत बसवा."

श्रीपतीने आधी पुढच्या खुर्च्यांना दोरी बांधली. चौथा हिस्सा रिकामा. विहीणबाई उभ्याच राहिल्या. "मावशी, थोडा त्रास होईल, पण कार्य कसं पळतं बघा," तो म्हणाला.

मग नावं विचारू लागला. पहिले किसनराव आत गेले. दुसरे किसनराव आले, ते मुलीचे सख्खे काका. "किसनराव आत आहेत," म्हणून श्रीपतीने त्यांना बाजूला काढलं. तिसरी शकुंतला, चौथे दगडूशेठ, सगळे बाजूला. आणि बाजूला काढलेले तिथंच उभे राहून जागा अडवू लागले.

एवढ्यात वाजतगाजत नवरदेव आला. मारुतीचं दर्शन घेऊन, घोडीवर बसून, मित्रांच्या घोळक्यात.

"नाव?" श्रीपतीने विचारलं.

नवरदेव हसला. "साडूभाऊ, मी हर्षल."

"हर्षल आत आहे."

खरंच होता. आचाऱ्याच्या हाताखाली भजी तळत होता, पहाटेच आला होता. श्रीपतीने नवरदेवाला खाली उतरवून घेतलं. दारात वऱ्हाडाचा टेम्पो उभा होता. "यात बसा," तो प्रेमाने म्हणाला. थोरले साडू सांगताहेत, तेव्हा गावची काही रीत असेल, असं समजून नवरदेव मुकाट्याने बसला. मित्र बसले. किसनकाका आणि बाकीचेही बसले. टेम्पो निघाला. घोडी मात्र आत घेतली. घोडी एकच होती.

"नवरदेवाला आणा!" आतून भटजी ओरडले. "मुहूर्त टळतोय!"

"हर्षलला ना? आणतो!" श्रीपती धावत चुलाण्याकडे गेला.

मुंडावळ्या बांधल्या की सगळे नवरदेव सारखेच दिसतात. त्यातून ती गडबड, वाजंत्री आणि उंच धरलेला अंतरपाट. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, 'सावधान' झालं आणि अंतरपाट खाली आला.

कावेरीने हार उचलला. समोर खांद्यावर उपरणं, कोपरापर्यंत बेसन, हातात झारा.

"ताई," भजीवाला हर्षल घाबरून म्हणाला, "कांद्याची वाढू की बटाट्याची?"

कावेरीच्या हातून हार गळाला. "घाबरू नका," भटजी पंचांग चाळत म्हणाले. "संध्याकाळचा गोरज मुहूर्त आहे. नवरदेव जवळपासच असेल, बोलवा त्याला."

मंजुळाने एकदा श्रीपतीकडे पाहिलं. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "नवरदेव कुठे आहे?"

"कोणता, दुसरा?" श्रीपती छाती फुगवून म्हणाला. "कायमचा बाहेर घातला! टेम्पो आतापर्यंत घाट उतरला असेल. आणि काळजी करू नकोस मंजुळे, ड्रायव्हरला बजावलंय, कोणी कितीही रडलं तरी परत आणू नकोस म्हणून."