भिंतीवरचे बटण

एकदा एका वृद्ध शास्त्रीबुवांची दृष्टी मंदावली आणि त्यांचा एक जुना शिष्य रोज सकाळी त्यांच्याकडे लेखनिक म्हणून येऊ लागला. शास्त्रीबुवांच्या गुरूंनी एका प्राचीन ग्रंथाचा अर्थ त्यांना तोंडी शिकवला होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता. गुरूंच्या मागे तो केवळ शास्त्रीबुवांपाशी उरला होता. ते सांगत आणि शिष्य संगणकावर उतरवून घेई.

गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे, म्हणून संगणकाशेजारी यूपीएसची पेटी ठेवलेली होती. वीज गेली की तिच्या आतल्या बॅटरीवर संगणक थोडा वेळ चालतो. तेवढ्यात काम जतन करून घ्यायचे. शिष्य मोठा भाविक. दरवर्षी खंडेनवमीला तो त्या पेटीला हळदकुंकू लावी, झेंडूचे फूल वाही, हात जोडी. आपल्याकडे यंत्राची पूजा मनापासून होते. झाकण उघडून पाहावे, हे मात्र कोणाला सुचत नाही. अशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात, हे दुकानदाराने त्याला बजावले होते आणि तो ते साफ विसरला होता. पुढे पेटी मध्येच टीं टीं करू लागली. गुरुजींची तंद्री भंगते म्हणून याने तिचा आवाजच बंद करून टाकला. वर त्याला ती गुरुसेवा वाटली, काय म्हणावे!

ग्रंथातला एक श्लोक फार अवघड होता. शिष्याने तो नंतर घेऊ म्हणून मागे ठेवला होता. अखेर त्याची पाळी आली तेव्हा शास्त्रीबुवांना त्याचा अर्थ आठवेना. कित्येक दिवस ते त्या एका ठिकाणी अडून बसले. मग एका सकाळी, चहाचा पेला हातात असतानाच, त्यांचा चेहरा उजळला.

"घे, घे लिहून! गुरुजी ओसरीवर बसून सांगायचे ना, अगदी तस्सं ऐकू येतंय मला."

ते डोळे मिटून बोलत राहिले. शिष्याने नवे पान उघडले आणि त्याची बोटे धावू लागली. जतन करायला क्षणभर थांबावे, तर गुरुजींचा ओघ तुटेल अशी त्याला धास्ती वाटली. शिवाय पेटी होतीच.

बोलणे संपत आले आणि पंखा थांबला. त्याच क्षणी पडदाही काळा झाला.

वीज परत आल्यावर शिष्याने सगळीकडे शोधले. नवे पान कुठेच नव्हते. अक्षरांमागे धावताना अर्थ त्याच्या मनात ठसलाच नव्हता. दोन-चार तुटक शब्द तेवढे आठवले. शास्त्रीबुवांनी पुन्हा डोळे मिटले, कपाळ चोळले, ओठ हलवून पाहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "राहू दे. गेलं ते."

शिष्याने पेटी उघडली. आतली बॅटरी फुगून कधीचीच निकामी झालेली होती. त्याला रडू फुटले.

दुसऱ्या दिवशी तो नवी बॅटरी बसवून आला आणि खाली मान घालून लिहायला बसला. जरा वेळाने शास्त्रीबुवांनी विचारले, "आत्तापर्यंतचं जतन केलंस?" तो हो म्हणाला. तशी ते उठले, भिंत चाचपत गेले आणि त्यांनी पेटीला वीज देणारे बटण स्वतःच बंद केले.

"अहो गुरुजी, हे काय करताय!" शिष्य किंचाळलाच.

संगणक चालू राहिला.

"आता कळलं, ही जिवंत आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "अधूनमधून असंच बटण बंद करून बघत जा, आणि थकली की वेळेवर बदल. अरे, त्या पेटीला तू फुलं वाहिलीस आणि मला रोज वाकून नमस्कार केलास. पण आम्हा दोघांत अजून किती दम उरलाय, हे कधी विचारलं नाहीस. तो श्लोक तू पहिल्या दिवशी विचारला असतास, तर मी धडाधडा सांगितला असता. तिला नवी बॅटरी मिळाली बाबा. माझं तसं नाही."

हे बोलताना त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून शिष्याला ते अधिकच लागले. त्याने उठून बटण चालू केले आणि डोळे पुसले. ठरलेला पुढचा श्लोक त्याने बाजूला ठेवला.

"गुरुजी, आता यातलं तुम्हाला सगळ्यात अंधुक काय आठवतं? आज तेच घेऊ."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. मग, एकेका शब्दाशी थबकत, ते सांगू लागले. शिष्य प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते जतन करत होता, आणि ओघ तुटला तरी गुरुजी त्याच्यासाठी थांबत होते.