काळतोंड्याची हाक

माणसं रानात तळ ठोकून झाडं तोडू लागली, त्या काळातली ही गोष्ट. काळतोंड्या वानर अर्जुनाच्या उंच झाडावर बसून पहारा करायचा. बिबट्या दिसला की तो हाक द्यायचा आणि खाली चरणारी हरणं पळायची.

पुढे त्याला तळावरून पळवलेल्या विड्यांची चटक लागली. एकदा बिबट्या आला, तेव्हा हाकेऐवजी त्याला खोकल्याची उबळ आली. ठिपकी हरिणीचं पाडस जेमतेम वाचलं.

सगळं रान जमलं. ठिपकी म्हणाली, "आजपासून रानात विडीला बंदी!"

काळतोंड्या चिडला. "छाती माझी, धूर माझा. तुम्ही कोण सांगणार?"

"छाती तुझीच रे. पण हाक आमची आहे."

बंदी झाली. हिवाळाभर काळतोंड्या कुणाशी धड बोलला नाही.

उन्हाळ्यात बिबट्या पुन्हा आला, आणि अर्जुनावरून अशी खणखणीत हाक आली की अख्खा कळप क्षणात पसार झाला.

संध्याकाळी ठिपकी पाडसाला घेऊन झाडाखाली आली. "तुझे उपकार कसे फेडू?"

वरून कोवळ्या पानांची डहाळी पडली.

"उपकार कसले? शेंड्यावर होतो म्हणून तो लांबूनच दिसला. पूर्वी मला अर्ध्यातच धाप लागायची. शेंड्यावर मला तुम्हीच चढवलंत."