हुकाचा वरचा थर

मगदूमशेठच्या कारखान्यात क्रेनचा हुक तुटला आणि माल अडकवणारा यासीन खाली चिरडून मेला. चौकशीच्या दिवशी त्याची बायको शमशाद कोपऱ्यात गप्प बसली होती.

शेठ ठसक्यात म्हणाले, "हुकावर पोलादी गोळी दाबून कडकपणा तपासला होता. खळगा अगदी बारीक उमटला, म्हणजे पोलाद कडक. त्यावरून ताकदीचा हिशेब केला, भरपूर निघाली. यासीननंच जादा वजन लावलं असणार."

तपासणीला आलेल्या चौगुलेबाईंनी तुटका हुक मधोमध कापून घेतला होता. त्यांनी कापलेल्या भागावर, अगदी आत, तीच गोळी दाबली. खळगा चांगला मोठा पडला.

"भट्टीत फक्त वरचा थर कडक झालाय. आत पोलाद मऊच आहे."

शेठ क्षणभर वरमले. मग शमशादकडे हात करून म्हणाले, "जाऊ द्या, मिटवून टाका. हिला बघा, डोळ्यांत टिपूस नाही. घट्ट मनाची आहे. सोसेल."

"हुकालाही तुम्ही वरूनच तपासलंत, शेठ," चौगुलेबाई म्हणाल्या. "तोही सोसेल असंच म्हणाला होतात."

शमशाद उठली, त्या कापलेल्या हुकावर तिनं हात ठेवला, आणि यासीन गेल्यापासून पहिल्यांदाच हंबरडा फोडला.