तांबटाचे जेवणघर

फार पूर्वी, माघ वद्य पंचमीच्या सकाळी, आभाळ निरभ्र आणि वारा गार असताना, एका गावातल्या तांबटाने नव्या घराची आखणी करायला गवंडी बोलावला. जागा वीस हात लांब आणि बारा हात रुंद होती.

तांबटाच्या घरात माणसे तीनच. तो, त्याची बायको आणि त्याचे म्हातारे वडील. तिघांनाही कमी ऐकू यायचे. हंडे ठोकण्यात वडिलांचा जन्म गेला होता, मुलगा त्याच आवाजात वाढला होता, आणि सून लग्न होऊन आली ती भट्टीच्या भात्यावर बसली होती. त्यामुळे त्यांचे निम्मे बोलणे हातांनी चाले. बोट वर केले की आणखी वाढ. ताटावर आडवा तळवा धरला की पुरे.

जुने घर म्हणजे एकच खोली होती. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला चूल. वडील चुलीपाशी जेवायला बसत. पन्नास वर्षे हातोडी धरून त्यांची बोटे आखडली होती, आणि तोंडात एकही दात उरला नव्हता. सून तव्यावरून उतरलेली भाकरी गरम असतानाच कुस्करायची आणि वर आमटी ओतायची. वडिलांना कधी काही मागावे लागत नसे. ताट निम्मे झाले की तिला बसल्या जागेवरून दिसायचे.

गवंडी फक्कीने जमिनीवर पांढऱ्या रेघा मारू लागला. भट्टीची जागा झाली, स्वयंपाकघर झाले.

"आणि त्याला लागून जेवणघर," तांबट म्हणाला.

"जेवायला वेगळी खोली?" बायकोने विचारले.

"व्यापारी येतात, त्यांना आपण धुरात बसवतो. सरदारांकडे हंडे पोचवायला गेलो होतो, तेव्हा त्यांचं जेवणघर पाहिलं. ओळीने पाट, मधे समई. जेवावं तर असं."

"तुम्हाला जेवायला बसवलं त्यांनी?"

"नाही. दारातून पाहिलं."

"मग ते दारातून पाहण्यापुरतंच असेल!" ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मधे भिंत घालू नका. मला ताटं दिसायला हवीत."

गवंडी दोघांच्या मधे आला. "मी भिंतीत हातभर खिडकी ठेवतो. तांबटाच्या घराला कान नसतातच, निदान डोळे तरी राहू द्या."

"खिडकीतून धूर येणार," तांबट म्हणाला. "मग खोली बांधून उपयोग काय? भिंत सलग घाल."

मग त्याने वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "बाबा, जेवणघर बांधू ना?"

वडील रेघांकडे बघत राहिले. चूल कुठे येणार ते त्यांनी काठीने दाखवून विचारून घेतले. "आणि मी कुठे बसणार?"

"सगळ्यात मानाच्या जागी!"

"मला चुलीपाशी बरं पडतं."

"आता चुलीपाशी बसलात तर लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला आत कोंडलाय म्हणतील."

"मग मला विचारतोस कशाला?" म्हातारा हसून म्हणाला. "बांध तुझ्या मनासारखं."

दसऱ्याला ते नव्या घरात राहायला गेले. त्या दिवशी ऊन स्वच्छ होते. जेवणघर आठ हात लांब, सहा हात रुंद झाले. वडिलांनी तरुणपणी घडवलेला एक मोठा हंडा तांबटाने चिंचेने घासून लखलखीत केला आणि कोपऱ्यात शोभेला ठेवला. त्याच्या शेजारी वडिलांचा पाट मांडला. येणारा व्यापारी आधी हंड्याकडे पाही, मग म्हाताऱ्याला नमस्कार करी.

पहिल्याच दिवशी दोन व्यापारी पंगतीला होते. बायकोने दारातून विचारले, "बाबांची भाकरी कुस्करून आणू?"

"पाहुण्यांसमोर?" तांबट म्हणाला. "ते काय लहान मूल आहेत? आमच्यासारखंच ताट वाढ."

तिने चार ताटे वाढली. प्रत्येकात तीन भाकऱ्या, आमटी, कांदा, मीठ. ती तव्यापाशी परत जाऊन पुढच्या भाकऱ्या थापू लागली. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते तिला दिसत नव्हते आणि ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा शेजारी आहे, तो बाबांची भाकरी मोडून देईल, असे तिने धरले.

तांबट व्यापाऱ्यांकडे तोंड करून बसे. भाव, माल, बाजार, सगळे ओरडून बोलावे लागे. बाबा जेवताहेत, एवढे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे.

भाकरी तोवर गार आणि कडक होई. म्हाताऱ्याच्या बोटांनी तिचे मोठे तुकडे कसेबसे पडत, पण ती कुस्करली जात नसे. तो आमटी पिऊन घेई. एखादा तुकडा तोंडात धरून बराच वेळ चोखत राही. पण ताटात अन्न टाकून उठायचे नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले होते, आणि अन्न बाहेर फेकायचे नाही, हेही. म्हणून बाकीचे हात धुवायला अंगणात गेले की तो उरलेले तुकडे शेजारच्या हंड्यात ठेवी.

ताट स्वयंपाकघरात परत जाई ते स्वच्छ.

"बाबांना नवी खोली मानवली," ती नवऱ्याला म्हणाली. "तीन भाकऱ्या संपवतात."

लग्नसराई जवळ आली तशी हंड्यांना मागणी वाढली आणि रोज कोणी ना कोणी व्यापारी पंगतीला असू लागला. कार्तिक महिन्यात एकदा वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सुनेला आपली आखडलेली बोटे दाखवली. तव्यावर भाकरी होती, परातीत आणखी सहा भाकऱ्यांचे पीठ होते, तिच्या कपाळावरून घाम गळत होता. तिने मान वर करून खुणेने विचारले, काय हवे? म्हाताऱ्याने तव्याकडे पाहिले, पिठाकडे पाहिले. मग तळवा आडवा धरला. पुरे. आणि तो परत जाऊन आपल्या पाटावर बसला.

मार्गशीर्षात त्याचे उपरणे खांद्यावरून घसरू लागले. तांबटाने वैद्य आणला. वैद्याने नाडी पाहिली आणि सुनेला विचारले, "जेवण कसं आहे?"

"चांगलं आहे. ताटात कण उरत नाही."

"मग वय झालं, दुसरं काय?" वैद्य म्हणाला. भूक वाढवणारे चूर्ण देऊन तो गेला. बहिऱ्या माणसाशी ओरडत कोण बसणार, म्हणून त्याने म्हाताऱ्याला काही विचारले नाही.

पौष शुद्ध नवमीला सकाळी धुके होते. म्हातारा उठला नाही.

त्याच्या शेवटच्या अंघोळीला पाणी तापवायचे होते. घरातले सगळे हंडे विकले गेले होते. जेवणघरातला तेवढा शिल्लक होता. नवराबायको तो उचलायला गेले, तर दोघांनाही उचलेना. त्यांनी तो कलता केला. सारवलेल्या जमिनीवर भाकरीच्या तुकड्यांचा ढीग पडला. वाळून दगडासारखे झालेले तुकडे. काहींच्या कडा चोखून झिजल्या होत्या.



"तू वाढत होतीस," तांबट म्हणाला.

"तुम्ही शेजारी बसत होतात," बायको म्हणाली.

त्याच हंड्यात पाणी तापवले आणि म्हाताऱ्याला अंघोळ घातली. तुकडे पाच टोपल्या भरले. ते नदीत सोडले. चौदाव्या दिवशी, ऊन निघाल्यावर, गवंडी आला आणि त्याने जेवणघराची भिंत पाडली. भिंत आठ हात लांब होती. पाडायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी चुलीसमोर दोन पाट मांडले.

तात्पर्य: घर आखताना आधी चुलीपाशी बसून पाहावे, तिथून घरातला प्रत्येक माणूस जेवताना दिसतो का. परत आलेल्या ताटावरून ते कळत नाही.