काट्यांखालचं पिल्लू

विहीर होती की पडका घुमट? लहानपणी ऐकलेली गोष्ट, मला नीट आठवत नाही. विहीरच असावी. वाळवंटातली. कोरडी.

आत पाकोळ्या राहत. पाकोळी म्हणजे चिमुकलं वटवाघूळ. अंग एवढंसं, कान केवढे!

सूर्य बुडाला. पाकोळ्या किडे पकडायला उडाल्या. भिर्र भिर्र! पिलं आत लटकून राहिली.

मग शेळ्या राखणारी धापूकाकी आली. शेळ्या आत पडू नयेत, म्हणून तिने विहिरीवर काटे पसरले. गेली.

पाकोळ्या परतल्या. वाट बंद! आतून आवाज आला. चिक्... चिक्... वारा नव्हता. तरी वाळू सरकली. सर्र...

सगळ्यांत लहान पाकोळी म्हणाली, "काट्यांनो, काट्यांनो, बाजूला व्हा. माझं पिल्लू भुकेलंय!"
"आम्ही नाही! उंट खाईल, तर हटू."

पाकोळी काकीच्या उंटाकडे गेली. भिर्र भिर्र!
"उंटदादा, उंटदादा, काटे हटेनात, पिल्लू भेटेना!"
"चिमटीएवढी तू, मला हुकूम सोडतेस? पायात दोर आहे माझ्या. काकी सोडेल, तर खाईन."

पाकोळी काकीकडे गेली. भिर्र भिर्र!
"काकी, काकी, उंट खाईना, काटे हटेनात, पिल्लू भेटेना!"
काकीला ऐकूच आलं नाही. कानाला नुसती हवा लागली.
"कोण आहे गं?" काकी दचकली. कोणीच नव्हतं. "उंटाला चरायला सोडायचंय, पण या मेल्या किड्यांनी कंदील झाकलाय. जातील, तर उंटाची गाठ दिसेल."

पाकोळी किड्यांकडे गेली. भिर्र भिर्र!
"किड्यांनो, किड्यांनो, काकी सोडीना, उंट खाईना, काटे हटेनात, पिल्लू भेटेना!"
किडे कुजबुजले, "नाही जात... नाही जात... तू काय करशील?"
"मी? मी खाईन!"

गट्टम्! गट्टम्! गट्टम्!

किडे पळाले. कंदील उजळला. काकीने दोर सोडला. उंटाने काटे खाल्ले. कर्रम कर्रम! विहीर उघडली.

आत काळोखच काळोख. शंभर पिलं एकदम ओरडली. चिक् चिक् चिक्! तिचं कोणतं?

पाकोळीने कान टवकारले. थेट गेली. हुंगलं. तेच! पिल्लू आईच्या पोटाला चिकटलं. चुटुचुटु दूध प्यायलं.

उंटामागून आलेल्या काकीने कंदील धरून वाकून पाहिलं. "अगं बाई! आत बाळं होती?" तिने नवे काटे घातले. मधे एक खिडकी ठेवली.

इतक्या पिलांत आपलं कसं सापडलं? ही थाप तर नाही ना, अशी मला धास्ती होती. पुष्कळ वर्षांनी मी शोधून पाहिलं. खरं आहे. पाकोळी काळोखातसुद्धा आपलं पिल्लू ओळखते. आधी आवाजावरून, मग वासावरून.